स्वेच्छेने सुपूर्द

४ फेब्रुवारी, सोमवार

डबा खाताना आज नवीन नियमावरून जुंपली. नियम असा की या महिन्यापासून पोलीस कुणालाही, कुठेही थांबवून विचारू शकतात, तुम्ही इथले का, आणि असाल तर दाखवा. संशय आला पाहिजे, एवढीच अट. आणि संशय कशाला म्हणायचं ते पोलीसच ठरवणार.

मी म्हटलं, बरोबर आहे. ज्याला लपवायचं नाही त्याला भीती कशाची? मी नागरिक आहे, खिशात ओळखपत्र आहे, दहा वेळा विचारा, दहा वेळा दाखवीन. मी उभा राहून बोलत होतो. घड्या घालणाऱ्या बायका, बॉयलरवाला, ड्रायव्हर, सगळे ऐकत होते. एरवी मी वरच्या ऑफिसात कामगारांच्या फायली सांभाळतो, खाली मला कुणी विचारत नाही. आज विचारत होते. मला मीच आवडायला लागलो होतो.

तेवढ्यात रोलरकाका म्हणाले, "आधी स्वतःच्या पॅण्टची चेन लाव, मग देशाची दारं बंद कर."

उघडी होती.

रोलरकाका आमच्या धुलाई कारखान्यातले सगळ्यात जुने. तीन हॉस्पिटलं आणि पाच-सहा हॉटेलांच्या चादरी आमच्याकडे येतात. एका बाजूने ओली चादर आत घालायची, दुसऱ्या बाजूने ती कडक, गरम बाहेर येते, त्या भल्यामोठ्या रोलरवर ते बावीस वर्षं उभे आहेत. मी नवीन होतो तेव्हा महिनाभर मला त्यांनी स्वतःच्या डब्यातलं अर्धं दिलं. "मला मुलगा असता तर तुझ्याइतकाच बावळट असता," असं म्हणतात. ते प्रेमाने म्हणतात हे मला कळतं. तरी.

हसणं थांबल्यावर काका म्हणाले की मला विचारलं तर मी दाखवणार नाही. माझ्याकडे दाखवायला आहे, म्हणूनच दाखवणार नाही. असलं तर्कट मला कळत नाही. मी आपला खुर्चीवर बसून होतो, पाय जुळवून.

७ फेब्रुवारी

चार दिवस होत आले तरी संपत नाहीये. ड्रायव्हर जिन्यात भेटला की खाली बघून विचारतो, "कागदपत्रं बंद आहेत ना?" घड्यांच्या टेबलावरची मावशी, जी माझ्याशी कधी बोलली नव्हती, तीही आज म्हणाली, "तपासणी झाली का रे?"

मला काही वाटत नाही. काही वाटत नाही हे लिहून ठेवतोय.

९ फेब्रुवारी

काकांची कंबर धरली होती म्हणून त्यांच्या घरचं गाठोडं मी पोचवलं. हॉस्पिटलच्या झग्यांच्या नाड्या धुताना तुटतात. काकू त्या घरी बसून शिवतात. गाठोडं काकांच्या नावावर जातं, काकांच्या नावावर येतं.

तिसरा मजला. दारावर पाटी नाही. बेल वाजवली, आत शिवणयंत्र चालत होतं ते बंद पडलं. मग काहीच नाही. परत बेल. परत काहीच नाही. शेवटी मी ओरडून म्हटलं, काकू, धुलाईतून आलोय, तेव्हा दार उघडलं, तेही साखळीएवढंच. मी म्हटलं, मी काय चोर आहे? तर हसल्या. गाल एका बाजूने इतका सुजला होता की हसणं अर्ध्याच तोंडाने झालं. दाढ. आठ दिवस झाले म्हणे. मी म्हटलं, कोपऱ्यावर तर दातांचा डॉक्टर आहे. काका आतून म्हणाले, "ती घाबरते डॉक्टरला."

एवढी मोठी बाई, दातांच्या डॉक्टरला घाबरते. घरी ताईला सांगितलं तर ती हसली नाही. मला विचारलं, त्या कधी बाहेर पडताना दिसतात का? म्हटलं, मला काय माहीत, मी काय पाळत ठेवतो?

१२ फेब्रुवारी

दिवसभर फायली. मॅनेजरने सांगितलंय की सगळ्यांच्या ओळखपत्राच्या आणि परवान्यांच्या नकला नीट वाचता येतात का बघून घे, कधीही तपासणी येईल. तीनशेच्या वर माणसं आहेत. ज्यांच्या नकला पुसट झाल्यात त्या फायली मी कपाटातून काढून टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवतो, म्हणजे त्या माणसाला बोलावून नवीन नक्कल काढता येते. ट्रेमध्ये दहा झाल्या. ही दहाही माणसं जुनी, पक्की. जुनी म्हणूनच तर पुसट.

जेवताना ताईला सांगितलं. ताई कोर्टात टायपिस्ट आहे, पंधरा वर्षं साक्षी टाइप करते आणि आमच्या घरात न्यायनिवाडाही तीच करते. म्हणाली, पोलीस आले तर आधी वॉरंट मागायचं. नसेल तर हात जोडायचे आणि म्हणायचं, मॅनेजर आल्यावर या.

मी म्हटलं, एवढं तोंडावर नाही म्हणायचं?

"नाही म्हणता येतं," ती म्हणाली. "तुला सवय नाहीये एवढंच."

१९ फेब्रुवारी

आज पोलीस आले होते. एक अधिकारी आणि एक महिला शिपाई. मॅनेजर हॉस्पिटलच्या मीटिंगला गेला होता, वर मी एकटाच. त्यांनी फायली मागितल्या. द्याव्या लागल्या. अकरा फायली नेल्या. नेण्याआधी वरवर चाळल्या, तपासून परत करतो म्हणाले. अधिकारी सभ्य होता.

मॅनेजरला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, गेले ना? मग झालं.

२० फेब्रुवारी

विशेष काही नाही.

२१ फेब्रुवारी

काकूंना नेलं.

२२ फेब्रुवारी

काल लिहिता आलं नाही. आज जेवढं कळलंय तेवढं लिहितो.

पोलीस त्या फायलींवरचे पत्ते बघून घरोघर गेले. सात घरांत काही मिळालं नाही. तीन घरं बंद होती. काकांच्या घरी काका नव्हते, पाळीवर होते. पोलिसांनी बेल वाजवली तेव्हा काकूंनी नेहमीसारखं उघडलं नाही. मग त्यांनी फाइलच्या मुखपृष्ठावरचा आमच्या कारखान्याचा शिक्का दाराच्या भोकासमोर धरला आणि म्हणाले, धुलाईतून आलोय. शेजारणीने ऐकलं हे.

काकूंनी उघडलं.

त्यांच्या राहण्याच्या परवान्याची मुदत एकोणीस वर्षांपूर्वी संपली आहे. त्या वेळी कसलातरी अर्ज एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेला आणि परत आलाच नाही. काका नागरिक, काकू कोणीच नाहीत. लग्नाला चोवीस वर्षं झाली.

मला हे माहीत नव्हतं.

काका चौकीवर धावले. फाटकावर शिपायाने त्यांच्याकडेच ओळखपत्र मागितलं. काका म्हणाले, माझी बायको आत आहे, आधी ती दाखवा. मग त्यांना दोन तास फाटकाबाहेर भिंतीकडे तोंड करून उभं केलं. धरलेल्या कमरेसकट.

आज ते कामावर आले. रोलर सुरू केला. मी खाली गेलो तर मशीनच्या आवाजात मला जवळ ओढून त्यांनी विचारलं, "आपल्या फायली त्यांच्याकडे कशा गेल्या?"

मी म्हटलं, त्यांनी घेतल्या, काका.

"जबरदस्तीने?"

मी मान डोलावली. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. हात गरम होता, चादरीमुळे. म्हणाले, तू एकटा काय करणार होतास.

२५ फेब्रुवारी

पेपरात आलंय. 'ज्येष्ठ नागरिकाला दोन तास भिंतीकडे तोंड.' काकांचा फोटो. लोक चिडलेत. दूधवाला चिडलाय, बॉयलरवाला चिडलाय, मॅनेजरसुद्धा चिडलाय. नागरिकाला असं? उद्या तुम्हाला-आम्हाला उभं करतील. चार तारखेला माझ्या बोलण्यावर मान डोलावणारेच आज काकांच्या बाजूने बोलतात. काकूंचं बातमीत शेवटच्या ओळीत आहे, 'त्यांच्या पत्नी ताब्यात आहेत.' ती ओळ फोटोखाली अर्धी कापली गेलीये.

एक वकीलबाई काकांची केस फुकट लढवायला तयार झाल्यात. त्यांनी मला बोलावलं. टेबलावर काहीही नव्हतं, फक्त पोलिसांच्या नोंदीची एक प्रत. त्यात लिहिलंय, 'कर्मचाऱ्याने फायली स्वेच्छेने सुपूर्द केल्या.'

वकीलबाई म्हणाल्या, सगळं या एका वाक्यावर आहे. वॉरंट नव्हतं हे त्यांना मान्य आहे. तुम्ही स्वतःहून दिल्या असतील तर त्यांना वॉरंट लागतच नाही. तुम्ही दिल्या नसतील, त्यांनी घेतल्या असतील, तर फायली बेकायदा, मग पत्ता बेकायदा, मग ते दारही बेकायदा. निकाल लागेपर्यंत बाईंना घरी राहता येईल. नाहीतर दोन आठवड्यांत विमानात.

मग म्हणाल्या, "घेतल्या, असंच ना?"

काका शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्याऐवजी उत्तर दिलं, "घेतल्याच. पोरगं खोटं कशाला बोलेल?"

२६ फेब्रुवारी. (एकोणीस तारखेचं परत लिहितो.)

त्यांनी फायली मागितल्या नव्हत्या.

अधिकाऱ्याने आत येऊन विचारलं, आपणच इथले प्रमुख का? मी नाही म्हणालो नाही. मी खुर्ची दिली, चहा सांगितला. तो म्हणाला, तुमच्याकडे कागद अपुरे असलेले कोणी आहेत का? मी एवढंच म्हणायला हवं होतं की नाही, सगळ्यांचे पुरे आहेत. तेच खरं होतं. किंवा ताईने शिकवलेलं, वॉरंट आहे का? तोंडात आलंही होतं. पण तो इतकं गोड बोलत होता की वॉरंट मागणं म्हणजे पाहुण्याच्या हातातलं ताट ओढल्यासारखं वाटलं असतं. तो म्हणाला, घाई नाही, वॉरंट घेऊन येतो वाटल्यास, मग सगळंच कपाट बघू.

तेव्हा मला स्वतःला फार हुशारी सुचली. कपाटात कोण कोण आहे कोणास ठाऊक, पण ट्रेमधली माणसं तर लख्ख आहेत, नुसत्या नकला पुसट. यांच्या हातात ट्रे दिला की हे दहा घरं फिरतील, काही मिळणार नाही, कंटाळतील, कपाट वाचेल. मी स्वतः उठलो. स्वतः ट्रे उचलून त्यांच्यासमोर ठेवला. म्हटलं, यांचे जरा तपासायचे आहेत.

अधिकारी म्हणाला, पावती हवी का? मी म्हटलं, असू दे हो. तो धन्यवाद म्हणाला. मी म्हटलं, त्यात काय.

मी साफ माणसं दिली. माणसाच्या घरात आणखी माणसं असतात, ती आमच्या फाइलमध्ये नसतात, एवढं मला सुचलं नाही.

२८ फेब्रुवारी

सभागृहात सभा होती, 'तपासणी आणि नागरिकांचे हक्क.' खुर्च्या कमी पडल्या. काकांना मंचावर बसवलं होतं, कोट घालून. कोट कोणाचातरी होता, बाह्या बोटांपर्यंत.

एक निवृत्त शिक्षक म्हणाले की नियम योग्यच आहे, फक्त चुकीच्या माणसाला लागू झाला. एक तरुणी म्हणाली की योग्य माणूस कोणता ते तपासल्याशिवाय कळणार कसं, म्हणजे तुम्ही सगळ्यांनाच तपासणार. टाळ्या पडल्या. शिक्षक म्हणाले, मला तपासा ना मग. मी एकदम मान खाली घातली. माझंच वाक्य होतं.

मागून एका बाईने विचारलं, यांच्या मिसेसचं काय? अध्यक्ष म्हणाले, तो मुद्दा वेगळा आहे, आज आपण नागरिकांपुरतं बोलू.

काकांना बोलायला सांगितलं. ते माइकपाशी गेले आणि म्हणाले की तिची दाढ दुखतेय, तिला आत गोळी देतात की नाही तेवढं कुणी विचारून सांगाल का. आणि परत येऊन बसले.

३ मार्च, रविवार

काकांबरोबर भेटीला गेलो. शहराबाहेर, पूर्वी गोदाम असावं. आत जाताना सगळं एका कप्प्यात ठेवायला लावतात, पट्टासुद्धा. काका उजव्या हाताने पॅण्ट धरून चालत होते.

मध्ये काच, तिला भोकं पाडलेली. काकूंचा गाल उतरलाय. दाढ काढली म्हणे इथे. काकूच हसून म्हणाल्या, बघा, शेवटी सरकारनेच काढली. काका हसायला लागले आणि त्यांच्या लक्षात आलं की चष्मा कप्प्यात राहिला, ही नीट दिसत नाही. तो आणायला ते परत गेले.

ते दाराबाहेर जाईपर्यंत काकू थांबल्या. मग म्हणाल्या, "तूच दिल्यास ना?"

मी काचेच्या भोकांकडे बघत होतो.

त्यांना त्या महिला शिपायानेच सांगितलं होतं. गाडीत बसवताना म्हणाली, आम्हाला शिव्या देऊ नका, तुमच्याच ऑफिसातल्या पोराने हातात आणून दिल्या.

मी हो म्हणालो. आणखी काहीतरी बोलणार होतो, पण त्यांनी बोटाने गप्प केलं. "घाबरलास. वर्दी बघून घाबरतं माणूस. मी नाही का उघडलं दार?" मग मागे वळून बघितलं, काका येतायत का. "कोर्टात काय सांगायचं ते तुझं तू बघ. पण यांना सांगू नकोस. यांना आता तू एवढाच आहेस बाहेर."

काका चष्मा लावून आले. दोन मिनिटं नुसते बघत बसले.

परतताना बसमध्ये काका झोपले, डोकं माझ्या खांद्यावर. मी घाबरलो नव्हतो. ते मला तिथे सांगायचं होतं. मी घाबरलो असं त्यांनी परस्पर ठरवलं आणि मी ते घेतलं.

७ मार्च

उद्या साक्ष. वहीत चार वाक्यं लिहून पाठ केली. ताईने दारातून ऐकलं. म्हणाली, खरं असलं की पाठ करावं लागत नाही.

मी म्हटलं, खरं सांगितलं तर काकू जातील.

ती बराच वेळ भांडी पुसत राहिली. खरं-खोटं तिच्यासाठी रोजचं काम आहे, मला वाटलं काहीतरी ठाम सांगेल. शेवटी म्हणाली, "मग सांग जे सांगायचं ते. पण खोटं बोलून वर स्वतःला हलकं वाटून घेऊ नकोस."

८ मार्च

अधिकारी समोरच्या बाकावर होता. साध्या कपड्यांत, केस ओले करून विंचरलेले. त्याच्यासोबत त्याची बायको असावी, तिच्या मांडीवर त्याची टोपी होती.

वकीलबाईंनी विचारलं, फायली कुठे होत्या? ट्रेमध्ये. ट्रेमध्ये कोणत्या फायली ठेवता? ज्यांच्या नकला पुसट झाल्यात त्या. त्या तुम्ही दिल्यात का?

मी म्हटलं, नाही. त्यांनी उचलल्या. मी म्हणालो होतो, मॅनेजर आल्यावर या.

ताईचं वाक्य. एकोणीस तारखेला तोंडातून फुटलं नाही ते आज स्वच्छ बाहेर आलं. मला पाणीही लागलं नाही.

पलीकडच्या वकिलाने विचारलं, चहा कोणी मागवला? मी म्हटलं, मागवला असेल, आमच्याकडे कोणीही आलं तरी मागवतात. लोक हसले. न्यायाधीशही.

बाहेर व्हरांड्यात अधिकारी माझ्यासमोर येऊन थांबला. ओरडला नाही. म्हणाला, "तुम्ही दिल्या होत्या. मी धन्यवादसुद्धा म्हणालो होतो." आणि थांबला, जणू मी म्हणेन, हो, बरोबर, आठवलं. तेवढ्यात काकांनी मला मागून मिठी मारली.

११ मार्च

काकू घरी आल्या. निकाल लागेपर्यंत. दर सोमवारी चौकीवर जाऊन सही करायची. अधिकाऱ्याची चौकशी लावलीये, तोपर्यंत त्याला घरी बसवलंय.

काकांनी जेवणाच्या सुट्टीत रोलर थांबवला, जो आम्ही कधी थांबवत नाही, आणि सगळ्यांसमोर म्हणाले की हे पोरगं पोलिसांपुढे उभं राहिलं. ड्रायव्हरने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. घड्यांच्या टेबलावरच्या मावशीने डोळे पुसले. सगळे ऐकत होते.

१२ मार्च. (एकोणीस तारखेचं, शेवटचं.)

ट्रेमध्ये दहा फायली होत्या.

ट्रे उचलण्याआधी मी कपाटापाशी गेलो. अधिकारी चहा फुंकत होता. काकांची फाइल मी डोळे मिटून काढू शकतो, वरून दुसरा खण, डावीकडून तिसरी. तिच्यात पुसट काही नव्हतं. काका दर वर्षी स्वतः नवीन नक्कल आणून देतात, कडा न दुमडलेली. मी ती काढली आणि ट्रेमध्ये सगळ्यांत वर ठेवली.

मला त्यांचं वाईट व्हायला नको होतं. एकदा फक्त, खाली रोलरपाशी, कुणीतरी वर्दीतल्याने त्यांना विचारायला हवं होतं, दाखवा. त्यांनी खिसे चाचपावेत. दोन मिनिटं. आणि ते मला वरून, जिन्यातून दिसावं.

आणि काकूंचं मला माहीत नव्हतं, असं मी लिहिलंय. ते दार, ते बंद पडलेलं यंत्र, ती दाढ, ताईचा प्रश्न. माहीत करून घेतलं नव्हतं, एवढंच खरं.

१४ मार्च

आज दुपारी एक शिपाई खोक्यात फायली घेऊन आला. कोर्टाचा हुकूम, सगळ्या परत. यादीवर ज्याच्या त्याच्या सह्या हव्यात, आपली फाइल पूर्ण आहे म्हणून. मी एकेकाला वर बोलावलं. काका सगळ्यांत शेवटी आले, हात पुसत.

ते प्रत्येक काम करतात तशी सही करतात, म्हणजे आधी सगळं वाचतात. चष्मा लावून त्यांनी एकेक पान उलटलं. शिपाई खाली गाडीकडे गेला. काका म्हणाले, अरे, माझ्या तर सगळ्या नकला स्पष्ट आहेत.

मी म्हटलं, हो.

त्यांनी परत पहिलं पान काढून उजेडाला धरलं. त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं, चादरीवर डाग दिसला की विचारतात तसं विचारलं, "तू कोर्टात म्हणालास, ट्रेमध्ये पुसट फायली असतात. मग माझी तिथे काय करत होती?"

मला तीन उत्तरं सुचली. तिन्ही चालली असती. त्यांना कुठलंही चाललं असतं, ते उत्तर पटवून घ्यायला तयारच होते, ते मला दिसत होतं.

मी म्हटलं, "मी ठेवली. कपाटातून काढून. त्यांनी काही मागितलं नव्हतं. ट्रेपण मीच दिला."

खाली रोलर रिकामाच फिरत होता. तो असा फिरला की त्याच्यावर गुंडाळलेलं कापड जळतं, काका कधी असा सोडत नाहीत.

"का?"

"तुम्ही मला हसला होतात. सगळ्यांसमोर."

त्यांना आठवायला वेळ लागला. मला ते महिनाभर रोज आठवत होतं आणि त्यांना वेळ लागला. "चेनवरून?"

मी हो म्हटलं. आम्ही दोघांनी एकदम खाली बघितलं. बंद होती.

काका खुर्चीवर बसले. कमरेवर हात ठेवून, हळूहळू. त्याच खुर्चीवर अधिकारी बसला होता, हे माझ्याच डोक्यात आलं असणार. म्हणाले, "कोर्टात मात्र बरोबर बोललास." ही शाबासकी नव्हती. ते मोजून बघत होते की माझं काय काय खोटं आणि त्यातलं कोणतं त्यांच्या उपयोगाचं. त्यांच्यासारखी माणसं असं करत नाहीत. हे मी त्यांना करायला लावलं.

मग त्यांनी सही केली. उठून दारापाशी गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "तिने रविवारी तुला जेवायला बोलावलंय. यायचं. आणि तिथे हे बोलायचं नाही. तिला वाटतं की एकाने तरी आपल्यासाठी काहीतरी केलं."

त्यांना माहीत नाही की तिला माहीत आहे. मी सांगायला तोंड उघडलं. मग आठवलं की मला तिनेही बजावलंय.

१५ मार्च

काका आज पाळीच्या यादीवरून माझ्याशी चार वाक्यं बोलले. चारही कामाची. ड्रायव्हरने विचारलं, काय रे, हिरो लोकांचं बिनसलं का? काका म्हणाले, "त्याला काम करू दे."

ताईला सगळं सांगितलं, एकोणीस तारखेचं तिसरं पानसुद्धा. ती म्हणाली, त्या अधिकाऱ्याचं काय? मी म्हटलं, त्याचं काय? ती म्हणाली, तेच विचारतेय.

१७ मार्च, रविवार

दारावर आता पाटी आहे. दोघांची नावं. काकू म्हणाल्या, आता कळलंच आहे सगळ्यांना, तर लपायचं कशाला. बेल वाजवल्यावर त्यांनीच उघडलं, पण साखळी आधीसारखीच लावलेली. मला बघून काढली.

तिघंच होतो. काकू दाढेची हकीकत सांगत होत्या, की तिथला डॉक्टर त्यांच्यापेक्षा जास्त घाबरला होता. काका हसले. मीही हसलो. मध्येच काकू पाणी आणायला उठल्या तेव्हा काकांनी माझ्याकडे बघितलं. काका हात धुवायला गेले तेव्हा काकूंनी बघितलं. दोन्ही वेळा मी मान हलवली, की नाही, बोललो नाही.

काकूंना वाटतं मी घाबरलो. काकांना माहीत आहे मी घाबरलो नाही. दोघं एकमेकांना माझ्यापासून सांभाळतायत, आणि त्यासाठी मला मध्ये बसवलंय.

दोघांनी आळीपाळीने वाढलं. मी एकदाही पुरे म्हणालो नाही.